इंग्रजी वाचता येतं, मग ऐकून का कळत नाही? पुण्यातल्या मुलाखतीत गावाकडची पोरं नेमकी कुठे अडकतात

पुणे : जुन्नर, आंबेगाव, भोर नाहीतर इंदापूरकडून एसटीनं आलेला पोरगा वाकडेवाडीला किंवा स्वारगेटला उतरतो. हातात फाइल, फाइलमध्ये पदवीचं प्रमाणपत्र. बारावीला इंग्रजीत बरे गुण. हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या कंपनीत मुलाखत असते. अर्ज इंग्रजीत भरला, लेखी परीक्षा पास झाला. मग कानाला हेडफोन लावून एक मिनिटाचं बोलणं ऐकवतात आणि विचारतात, काय कळलं? इथं गाडी अडते. पोरगा घरी येऊन सांगतो, "इंग्रजी कच्चं आहे म्हणाले." घरचे म्हणतात, "क्लास लाव." क्लासवाला पुन्हा काळ आणि क्रियापदं शिकवायला बसतो. म्हणजे दुखणं एका जागी आणि औषध भलत्याच जागी.

या पोराचं इंग्रजी कच्चं नसतं, त्याचा कान कच्चा असतो. आणि कान कच्चा राहिला हा त्याचा दोष नाही. कानाला कुणी शिकवलंच नाही.

कोणती भाषा कितवीपासून, यातच सगळी चर्चा

भाषेवरून राज्यात वाद कमी झाले नाहीत. १६ एप्रिल २०२५ ला सरकारनं पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा निर्णय काढला. विरोध झाला, जूनमध्ये त्यात बदल केला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. भांडण होतं ते कोणती भाषा आणि कितवीपासून, एवढ्यावरच.

इंग्रजीचंही असंच झालं होतं. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. तेव्हाही मोठा वाद झाला. आता त्या पहिल्या तुकडीतली पोरं तिशी ओलांडत आहेत. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली ही पिढी फोनवरचं इंग्रजी ऐकून गांगरते, तेव्हा 'कितवीपासून' हा प्रश्न पुरेसा नव्हता हे उघड आहे. 'कसं शिकवलं' हे विचारायचं राहून गेलं.

प्रथम संस्थेच्या 'असर २०२३' अहवालात २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधली १४ ते १८ वयाची ग्रामीण मुलं तपासली होती. त्यातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना अर्थही सांगता आला. हे सगळं मोजलं ते वाचण्याचं. इंग्रजी ऐकून किती जणांना कळतं, हे त्या आकड्यांत नाही.

आपणही भरभर बोलतोच की

'इंग्रज लोक फार फास्ट बोलतात' ही नेहमीची तक्रार. ती अर्धीच खरी आहे. त्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात, झिजतात, काही तर गिळले जातात. आणि हे मराठीतही रोज होतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'तू काय करत आहेस?' पारावर कुणी असं बोलतं का? 'काय करतोयस?' एवढंच असतं. 'कुठे गेला होतास'चं 'कुठं गेल्तास' होतं, 'येणार आहेस का'चं 'येणारेस का' होतं. पुस्तकातून मराठी शिकलेला परदेशी माणूस नारायणगावच्या बाजारात उभा केला, तर त्याला व्याकरण येत असूनही अर्धं बोलणं डोक्यावरून जाईल. पुण्याच्या मुलाखतीत आपल्या पोराची तीच गत होते.

इंग्रजीतली झीज अशी असते :

'डिड यू'चं 'डिज्यू', 'गॉट यू'चं 'गॉच्यू' होतं.

'गोइंग टू'चं 'गना', 'वाँट टू'चं 'वॉना' होतं.

'लेट मी'चं 'लेमी', 'गिव्ह मी'चं 'गिमी' होतं.

'टेल हिम'मधला 'ह' उडतो, 'टेलिम' राहतं.

'पिक इट अप' हे तीन शब्द एका दमात 'पिकिटप' होतात.

अमेरिकन माणसाच्या तोंडी 'वॉटर'मधला 'ट' आपल्या 'ड' आणि 'र'च्या मधे कुठंतरी पडतो, म्हणून ते 'वॉडर' ऐकू येतं.

यातला एकही शब्द नवा नाही. सगळे पाचवी-सहावीतले. फक्त या रूपात ते कधी कानावर पडले नाहीत. म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं, समोरचा काहीतरी अवघड बोलतोय.

ढोल पकडायचा, ताशा सोडायचा

दुसरी अडचण ठेक्याची. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ देतो. इंग्रजीत तसं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथक वाजताना ढोलाचा ठोका लांबून ऐकू येतो आणि मधे ताशा भरभर तडतडतो. इंग्रजी वाक्याचं असंच आहे. महत्त्वाच्या शब्दांवर ढोल पडतो. 'टू', 'फॉर', 'ऑफ', 'अँड' हे बारके शब्द ताशासारखे तडतडत निघून जातात.

'आय विल सेंड द गुड्स टू यू ऑन मंडे' या वाक्यात ठोके तीनच : सेंड, गुड्स, मंडे. तेवढे पकडले तरी माल सोमवारी येणार हे कळलं. नवखा माणूस मात्र 'विल' ऐकलं की 'वुड', 'टू' की 'द', यात अडकतो. तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात.

एकेका शब्दातही हाच ठेका असतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पण 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि ऐकू येतं 'फटॉग्रफर'. आपण म्हणतो 'डेव्हलप', ते म्हणतात 'डिव्हेलप'. आपलं 'कम्फर्टेबल' त्यांच्या तोंडी 'कम्फ्टबल' होतं. स्पेलिंगवरून उच्चार पाठ केला की हा घोळ होतो. इंग्रजीत लिहिणं आणि बोलणं सोबत चालत नाहीत, हे मराठी माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही, कारण आपल्याकडं बहुतेक जसं लिहितो तसंच वाचतो.

आकड्यांत चूक झाली तर पैशाचं नुकसान

हा विषय फक्त नोकरीचा नाही. द्राक्ष, डाळिंब बाहेर पाठवणाऱ्या शेतकऱ्याला किंवा त्याच्या पोराला खरेदीदाराचा फोन येतो. तिथं 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गल्लत झाली तर पंधराचे पन्नास होतात. ओळखायची खूण अशी : 'फिफ्टी'मध्ये जोर सुरुवातीला असतो, 'फिफ्टीन'मध्ये शेवटचं 'टीन' लांबतं.

'कॅन' आणि 'कान्ट' यांचं त्याहून वाईट. अमेरिकन माणूस 'कान्ट' न म्हणता 'कॅन्ट' म्हणतो आणि शेवटचा 'ट' गिळतो. साधं 'कॅन' वाक्यात झिजून 'कन्' होतं. म्हणजे स्वच्छ, जोरात 'कॅन' ऐकू आलं तर बऱ्याचदा तो नकार असतो! होकाराचा नकार आणि नकाराचा होकार इथंच होतो.

अशा वेळी गप्प बसून 'येस, येस' म्हणणं सगळ्यात धोक्याचं. आकडा फोडून परत विचारावा : 'वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?' मोठ्या कंपन्यांतली माणसंही फोनवर असंच विचारतात. यात कमीपणा काही नाही. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे एक वाक्य प्रत्येकाच्या जिभेवर पाहिजे.

अमेरिकन ढंग हवाच का?

काही क्लासवाले 'अमेरिकन अॅक्सेंट' शिकवतो म्हणून जास्तीची फी घेतात. पैसे देण्याआधी एक बातमी माहीत असावी. टेलीपरफॉर्मन्स ही जगातल्या मोठ्या कॉल सेंटर कंपन्यांपैकी एक फ्रेंच कंपनी. भारतीय कर्मचाऱ्यांचा उच्चार बोलता बोलताच परदेशी ग्राहकाच्या कानाला ओळखीचा वाटावा, यासाठी ती 'सनास' या कंपनीचं एआय सॉफ्टवेअर वापरते, असं २०२५ च्या सुरुवातीला समोर आलं. म्हणजे जो ढंग शिकायला पोरं महिनोन्महिने घालवायची, ते काम आता मशीन करायला लागली आहे.

पण हे सॉफ्टवेअर बदलतं ते कर्मचाऱ्याच्या तोंडून निघालेला आवाज. चिडलेला ग्राहक भरभर काय बोलला, त्याचं म्हणणं काय, ते समजून घ्यायचं काम माणसाकडंच राहतं. साध्या चौकशा चॅटबॉटकडं चालल्या आहेत. माणसाच्या वाट्याला उरतात त्या अवघड, गुंतागुंतीच्या तक्रारी. तेव्हा येत्या काळात 'व्हॉइस प्रोसेस'मध्ये जिभेच्या ढंगापेक्षा कानाची किंमत वाढेल, असं म्हणायला जागा आहे.

शिवाय पुण्याच्या ऑफिसात रोजचं इंग्रजी काही गोऱ्यांचंच नसतं. शेजारी तमिळ, तेलुगू, बंगाली सहकारी असतात. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळ्या चालीचं. ते सगळं कळलं पाहिजे. मराठी ढंगानं बोललेलं इंग्रजीही चालतं, फक्त ते समोरच्याला स्वच्छ कळलं पाहिजे. त्यासाठी दोन-तीन गोष्टी सुधारल्या तरी भागतं. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'प' श्वासाचा झोत सोडून म्हणतो. आपला 'प' कोरडा असतो, म्हणून आपलं 'पॅक' त्याला 'बॅक' वाटू शकतं. तिथं थोडी हवा सोडायची. एक जमेची बाजूही आहे. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' हा फरक मराठीत आपण लिहूनही दाखवतो. ऑ आणि अॅ या आवाजांसाठी आपल्या लिपीत खुणा आहेत. हे भांडवल वापरायचं.

फुकटात कान कसा तयार होईल?

फोन घरोघरी आहे. दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात, पण रीत हवी.

एक मिनिटाचा तुकडा घ्यायचा. खालची अक्षरं बंद ठेवून तीनदा ऐकायचा. कानावर पडलं ते वहीत लिहायचं, मराठी अक्षरांत लिहिलं तरी चालेल. मग खालची इंग्रजी अक्षरं सुरू करून ताडून बघायचं. जिथं चुकलं तिथं बहुतेक वेळा शब्द नवा नसतो, जोडला गेलेला किंवा झिजलेला असतो. शेवटी बोलणाऱ्याच्या बरोबरीनं, त्याच ठेक्यात, मोठ्यानं म्हणायचं. जे तोंडानं जोडून म्हणता येतं, ते कानालाही लवकर सापडतं.

सुरुवात आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांनी करावी, तिथं बोलणं स्वच्छ असतं. मग बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा मोफत कार्यक्रम. त्यानंतर क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री. मॅच समोर दिसत असते, खेळ माहितीचा असतो, त्यामुळं ऑस्ट्रेलियन किंवा इंग्लिश समालोचक कितीही भरभर बोलला तरी अंदाज बांधता येतो. यूट्यूबवर वेग कमी करायची सोय आहे. ती पहिल्यांदा वापरावी, पण कायम नको. शेवटचं ऐकणं पूर्ण वेगातच व्हायला हवं.

फक्त खालची अक्षरं वाचत व्हिडिओ बघण्याचा उपयोग नाही. त्यात डोळेच काम करतात, कान झोपलेला राहतो.

शाळेला विचारायचा प्रश्न

एवढं सगळं पोरांवर टाकून मोकळं होता येणार नाही. दहावी-बारावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे २० गुण असतात. ते शाळा-कॉलेजातच दिले जातात. ऐकणं आणि बोलणं तपासायची जागा हीच. पण या गुणांकडं बघितलं जातं ते निकाल वाढवायचं साधन म्हणून. दहावीचे हे गुण २०१९ च्या परीक्षेला बंद केले होते. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के लागला. गुण गेले तेव्हा आरडाओरडा झाला. पण त्या गुणांच्या बदल्यात मुलं किती इंग्रजी ऐकतात, याची चर्चा तेव्हाही झाली नाही.

गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालकही बसतात. पुढच्या बैठकीत एकच गोष्ट विचारता येईल : आठवड्यातून किती मिनिटं मुलांच्या कानावर बोललेलं इंग्रजी पडतं, आणि ते ऐकून काय कळलं हे त्यांना कोण विचारतं? 'रोज दहा मिनिटं' असं उत्तर आलं तर शाळेचं कौतुक करावं. उत्तर आलं नाही, तर तो टीव्ही चालू करायला पैसे लागत नाहीत, एवढं सांगून यावं.