जमीन विकली, लेकराचा हक्क नाही

घटस्फोट झाला की काही जण आधी जमीन विकतात आणि मग कोर्टात सांगतात, "माझ्याजवळ काहीच नाही."

आपल्या बपेऱ्यासारख्या खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. तुमसर शहरातला प्लॉट विकून नफा झाला तर कर आहे. पण कर माफ म्हणजे पोटगी माफ नव्हे!

सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात ठरवून दिलंय, पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. विक्रीचे बँकेत पडलेले पैसेही त्यात आलेच.

म्हणून ताईंनो, सौद्याची कुणकुण लागताच वकिलाला भेटा, विक्रीवर मनाईहुकूम मागा. सातबारा कोरा झाला तरी लेकराची शाळा, दवाखाना थांबत नाही.