फांदी देऊन ठेवा

नर्सरीत पैसे मोजून मनी प्लांट घेणारा माणूस दिसला की मला त्याच्या शेजाऱ्यांबद्दल शंका येते. एवढ्या मोठ्या इमारतीत याला एक फांदी देणारं कुणी भेटलं नाही? की यानेच कुणाकडे मागितली नाही? बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं. हल्ली आपल्याला मागायचीच लाज वाटते. मनी प्लांट चोरून आणला तरच लाभतो, ही समजूत कुणी काढली कोण जाणे, पण त्याला हा संकोच नक्की ठाऊक असणार. मागवत नाही ना, मग गुपचूप खुडून न्या!

मुळात हे झाड माणसांच्या हातांवरच जगलेलं आहे. त्याचं मूळ गाव पॅसिफिक महासागरातलं मोरेआ नावाचं चिमुकलं बेट. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला स्वतःला पुरेसं तयार करता येत नाही, त्यामुळे त्याला फुलं जवळजवळ येतच नाहीत. फूल नाही म्हणजे बी नाही. तरीही हा वेल आज गिरगावच्या चाळीत आहे, नागपूरच्या बँकेत आहे आणि कोल्हापुरात दातांच्या डॉक्टरकडेही आहे. कुणीतरी कापला, कुणीतरी लावला, एवढाच त्याचा प्रवास.

फांदी कापायची कुठे, हे मात्र नीट पाहायला हवं. वेल हातात धरून बघा. प्रत्येक पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो तिथे पेर असतं आणि पेराशी एक तपकिरी, खरखरीत गाठ. तेच उद्याचं मूळ. पेराच्या खाली बोटभर अंतर सोडून स्वच्छ कात्रीने कापायचं. पुष्कळजण नुसतं पान देठासकट तोडून देतात. तेही पाण्यात महिनोन्‌महिने हिरवंगार राहतं, क्वचित मुळंही सोडतं, पण त्याला नवा कोंब काही फुटत नाही. कारण डोळा पेरावर असतो आणि पेर मागेच राहिलेलं असतं. पेर पाण्यात, पान बाहेर आणि बाटली उजेडात पण कडक उन्हात नाही, एवढं सांभाळलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. ती बोटभर झाली की कुंडीत लावा. फार काळ पाण्यातच वाढलेल्या मुळांना मातीत रुळायला जड जातं.

पाण्याच्या बाटलीबद्दल एक धोक्याची गोष्ट. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. पालिकेचे लोक पावसाळ्यात घरी आले की आधी खिडकीतल्या बाटल्या बघतात, ते उगाच नाही. आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाका आणि बाटली आतून घासा. अंडी काचेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

स्नेक प्लांटची तऱ्हा वेगळी. त्याच्या लांब पानाचे चार-चार बोटांचे तुकडे करून मातीत खोचले तरी झाड होतं, फक्त वरची बाजू वरच राहिली पाहिजे, उलटा तुकडा मुळं धरत नाही. मात्र पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलंत तर येणारं रोप निव्वळ हिरवं निघतं. काठ हवा असेल तर कुंडीत बाजूने आलेलं पिल्लू मुळांसकट वेगळं करून द्यायचं.

पानफुटी तर आपण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातच पाहिलेली. पानाच्या काठावरच्या खाचांत इवली रोपं येतात. जर्मन महाकवी गटे या झाडावर इतका लुब्ध होता की त्याची रोपं आणि पानं तो मित्रमंडळींना देत असे.

आपल्याकडे हा मान ब्रह्मकमळाचा. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड, हिमालयातलं नव्हे. पण रात्री दहाला फूल उमलायला लागलं की अख्खा मजला बघायला जमतो आणि सकाळी निम्म्या मजल्याला त्याचं पान हवं असतं. ते पान नसून चपटं खोड असतं. कापल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग मातीत लावा, नाहीतर ते कुजतं. फुलासाठी दोन-तीन वर्षं थांबायची तयारीही हवी.

आता देण्याचा खरा फायदा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू मे महिन्यात गावी गेल्या आणि त्यांचा जांभळ्या पानांचा कोलियस पार वाळून गेला. परत आल्यावर त्या समोरच्यांच्या दारात उभ्या. "अहो वहिनी, मागच्या वर्षी दिलेली फांदी लागली होती ना? मग मलाच एक द्या परत!" महिन्याभरात काकूंची कुंडी भरली. फांदीपासून वाढलेलं झाड हे मूळ झाडाचं मूल नसतं, ते तेच झाड असतं. काकूंना त्यांचाच कोलियस परत मिळाला. झाड चार घरी देऊन ठेवणं ही परोपकाराची गोष्ट कमी, शहाणपणाची जास्त. बँकेतल्या ठेवीवरसुद्धा इतकं खात्रीचं व्याज मिळत नाही.

मात्र घरातली झाडं हवा शुद्ध करतात, असं सांगून कुणाला ती गळ्यात मारू नका. नासाचा 1989 चा तो प्रसिद्ध प्रयोग बंद पेटीत झाला होता. खऱ्या खोलीत हवा खेळती राहून जितकी शुद्ध होते, तितकी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं 2019 मधल्या एका आढाव्यात दिसून आलं. आणि घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर मनी प्लांट उंचावर टांगायला सांगा. त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते.

श्रावणातली दमट हवा फांद्या लावायला उत्तम. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी रोपं लुटायची असतील तर थंडी वाढण्याआधी, दिवाळीच्या सुमारास बाटल्या भरा. फांदी देताना ऊन किती आणि पाणी किती, एवढं आवर्जून सांगा. आणि तुमच्याकडे द्यायला काहीच नसेल तर सरळ जाऊन मागा. फांदी मागितल्यावर नाही म्हणणारा झाडवेडा मला तरी अजून भेटलेला नाही.