जुनी डिझेल-मोटार

शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून हिंडणारे आमचे एक स्नेही जुनी डिझेल-मोटार घेऊं पाहतात. परदेशाहून आणवावी काय, अशीही त्यांची पृच्छा आहे. तो नाद सोडावा. तीन वर्षांहून जुन्या गाडीस आयातीची मुभा नाहीं, आणि जकात मूळ किंमतीहून अधिक!

देशी गाडींतही विवेक हवा. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' नियम आला. तेव्हांपासूनच्या डिझेल-गाडींत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते. लांबच्या, वेगाच्या प्रवासांत ती काजळी जळून जाते. पाड्यापाड्यांच्या संथ फेऱ्यांत गाळणी तुंबते, आणि नवी बसविणें गृहस्थास जड जातें. नित्य कसारा घाट चढून नाशिक गांठणाऱ्यानें ती खुशाल घ्यावी. आमच्या स्नेह्यांस त्यापूर्वीची बरी. मात्र नोंदणीचीं पंधरा वर्षें केव्हां भरतात तें आधीं पाहावें, आणि इंजिन थंड असतां स्वतः सुरू करून पाहावें.