मामूंची कुल्फी

मधुमेह असलेल्या माणसाने आइसक्रीम, कुल्फी खावी की नाही, हा प्रश्न उन्हाळा लागला की या सदराकडे हमखास येतो. आम्ही आजवर त्याचे एका ओळीत उत्तर देत आलो : टाळलेले बरे. ते उत्तर किती अपुरे होते, हे आम्हाला आमच्याच घरात कळले.

गेल्या बकरी ईदची गोष्ट. दिवसभर कुर्बानीची गडबड, हिस्से वाटणे, पाहुण्यांची ये-जा. उकाडा असा की अंगावरचा नवा कुर्ता दुपारपर्यंत पिळून काढावा. रात्री दस्तरखान उचलण्याआधी कुल्फीचा ट्रे फिरला. मामूंच्या समोर तो आला आणि आम्ही हळूच पुढे सरकवला. मामूंना मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली. ते काही बोलले नाहीत. काकडीची एक फोड उचलून खात बसले.

रात्री एकच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात अंधारात फ्रीज उघडा. समोर मामू. ओट्यावर दोन रिकाम्या काड्या आणि तिसरी कुल्फी हातात. आम्हाला पाहताच त्यांनी ती पाठीमागे लपवली. ज्या माणसाने पस्तीस वर्षे उर्दू शाळेत मुलांना शिस्त लावली, तो चौसष्टाव्या वर्षी मुलासारखा हात मागे घेऊन उभा. लाज त्यांना वाटली असेल तेवढीच आम्हालाही वाटली.

सकाळी उपाशीपोटी साखर २३८. मुमानींनी घर डोक्यावर घेतले. मामू वर्तमानपत्राआड गप्प. पण हिशेब करून पाहिला तेव्हा दिसले की दस्तरखानावर सर्वांसोबत एक लहान कुल्फी दिली असती, तर रात्री तीन गेल्या नसत्या. आपल्या घरांत मधुमेही माणसाची पहारेदारी होते आणि तिलाच आपण काळजी म्हणतो. सून डबा लपवते, नातू चुगली करतो, आणि माणूस चोरून खायला शिकतो. चोरून खाणारा मोजत नाही, आणि डॉक्टरांना खरे सांगतही नाही.

मग आम्ही मामूंशी सौदा केला. आठवड्यातून एकदा कुल्फी, घरी केलेली, सर्वांच्या समोर, आणि त्या दिवशीची साखर वहीत लिहायची. मामूंनी विचारले, "लहान म्हणजे केवढी, बेटा?" प्रश्न बरोबर होता.

एक लिटर दुधात जवळपास ४८ ते ५० ग्रॅम दुधाचीच साखर असते. दूध आटवले की पाणी उडते, ही साखर तिथेच राहते. एक लिटर आटवून चारशे मिली केले आणि त्याच्या आठ लहान कुल्फ्या केल्या, तर वरून साखर न घालताही प्रत्येकीत सहा ग्रॅम आली. आता नेहमीच्या रीतीने त्यात १६० ग्रॅम साखर घाला. प्रत्येकीत वीस ग्रॅम आणखी. म्हणजे पन्नास मिलीच्या एवढ्याशा कुल्फीत २६ ग्रॅम. मध्यम चपातीत कर्बोदके साधारण १५ ते २० ग्रॅम असतात. मामूंच्या त्या रात्रीच्या बाजारच्या कुल्फ्या याहून मोठ्या होत्या. म्हणजे जेवण झाल्यावर त्यांनी वर निदान चार-पाच चपात्या खाल्ल्या, त्याही साखरेच्या.

हा हिशेब समजला की पुष्कळ गैरसमज आपोआप गळतात. आमच्याकडे एका खालांनी मोठ्या प्रेमाने 'बिनसाखरेची' खजूर कुल्फी पाठवली होती. खजूर मुबारक मेवा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एका मध्यम खजुरात पाच-सहा ग्रॅम साखर असते आणि त्या कुल्फीत खजूर मूठमूठ घातले होते. मधाचेही तेच, गुळाचेही तेच. रक्ताला साखर कुठून आली याच्याशी देणेघेणे नसते. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात तर निम्म्याहून जास्त साखरच असते, त्यामुळे 'मी वरून साखर घातलीच नाही' असे म्हणून तो डबा ओतणाऱ्या भगिनींनी एकदा डब्यावरचा तक्ता वाचावा.

तक्त्याचा विषय निघालाच आहे, तर बाजारातल्या डब्यांबद्दल. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे साध्या आइसक्रीममध्ये दुधाची स्निग्धता निदान १० टक्के लागते. दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल वापरले तर त्या मालाला आइसक्रीम म्हणता येत नाही, त्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावे लागते. चव सारखी, डबा सारखा, म्हणून आपण पाहत नाही. मधुमेहाच्या दृष्टीने दोन्हींत साखर असतेच, फ्रोझन डेझर्ट म्हणजे हलके असे समजू नये. 'नो अ‍ॅडेड शुगर' याचा अर्थ वरून साखर घातलेली नाही एवढाच. दुधाची साखर आत आहेच, आणि गोडीसाठी पुष्कळदा माल्टिटॉल असते. ते साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवतेच. जास्त खाल्ले तर पोट फुगते, जुलाब होतात. आमच्या घरात हा डबा एकदा आला होता. 'चालतं ना' म्हणून तो दोन दिवसांत संपला आणि दोन रात्री कोणाला नीट झोप लागली नाही. पुढचे सांगत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. आइसक्रीम घुसळताना त्यात हवा जाते. शंभर मिलीचा कप वजनाला पन्नास-साठ ग्रॅमच भरतो. कुल्फीत हवा नसते, ती घट्ट. म्हणून 'कपाएवढीच तर कुल्फी खाल्ली' हा हिशेब चुकतो.

फालुद्याबद्दल आम्ही काहीच तडजोड सुचवू शकत नाही. गुलाबाचे सरबत साखरेचे, शेवया स्टार्चच्या, जेली साखरेची, वर आइसक्रीम. त्यात मधुमेह्याच्या कामाचा एकटा सब्जा. मामू म्हणाले, मग सब्जाच द्या. थंड दुधात सब्जा, वेलची आणि गुलाबपाण्याचे चार थेंब घालून दिले. त्यांनी प्याले, आणि फालुद्याची बदनामी करू नका म्हणाले.

आता आमची कुल्फी. एक लिटर दूध मंद आचेवर चारशे मिलीपर्यंत आटवावे. हृदयाचाही त्रास असेल तर म्हशीच्या दुधाऐवजी टोन्ड घ्यावे, त्यात स्निग्धता ३ टक्के असते. वीस बदाम भिजवून, सोलून, वाटून घालावेत. केशर, वेलची. खाली उतरवून कोमट झाल्यावरच गोडीची गोळी किंवा पूड घालावी. अ‍ॅस्पार्टेम असेल तर उकळत्या दुधात त्याची गोडी उडते आणि आपण 'फिकी झाली' म्हणून आणखी घालत बसतो. सुक्रालोज किंवा स्टीव्हिया उष्णता सोसते, पण स्टीव्हिया जास्त झाली की मागाहून कडवटपणा राहतो.

पहिल्या वेळी आमची कुल्फी दगड झाली. साखर केवळ गोडीसाठी नसते, तिच्यामुळे दूध पूर्ण घट्ट गोठत नाही. साखर काढली की बर्फ होतो. बदामाच्या वाटणाने थोडा मऊपणा येतो. शिवाय खाण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढून ठेवावी. याचा दुसरा फायदा असा की फार थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. वितळलेले आइसक्रीम चाखून पाहा, नको तितके गोड लागेल. कुल्फी थोडी सैल झाली की कमी गोडीतही पुरेशी वाटते.

आंबा घालायचा मोह उन्हाळ्यात कोणाला होत नाही? शंभर ग्रॅम आंब्यात साधारण पंधरा ग्रॅम साखर धरावी. आठ कुल्फ्यांच्या दुधात शंभर ग्रॅम गर घातला तर प्रत्येकीला दोन ग्रॅमही येत नाहीत आणि वास मात्र साऱ्या घरात. आम्ही घालतो.

कधी खायची, हेही ठरवावे लागले. रिकाम्या पोटी नाही. जेवणात आधी कोशिंबीर, मग मटण किंवा डाळ, आणि कुल्फीच्या दिवशी एक चपाती कमी. बिर्याणीच्या दिवशी कुल्फी नाही, कारण भाताने आधीच वाटा खाल्लेला असतो. वलीम्याच्या दावतीत हे पाळणे कठीण. तिथे मामू घरून ठरवून जातात : एक तर बिर्याणी पोटभर नाही, नाही तर गोड नाही. बहुतेक वेळा ते गोड सोडतात. पूर्वी आम्ही सोडायला लावत होतो तेव्हा ते सोडत नव्हते.

साखर कधी तपासायची यातही आम्ही फसलो. एका तासाने पाहिली, फारशी वाढ नाही, सगळे खूश. दुधातल्या आणि बदामातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा चढते. आता दोन तासांनी आणि एकदा तीन तासांनी पाहतो.

याच उशिरा चढण्यामुळे एकदा आमच्या घरात जिवावर बेतले होते. दुपारी मामूंना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे तुटक. गोळी घेतली होती आणि जेवणाला उशीर झाला होता. साखर ५८. घरातल्या कोणीतरी घाईने फ्रीजमधले आइसक्रीम भरवायला घेतले, गोड आणि थंड म्हणून. साखर उतरलेली असताना आइसक्रीम, कुल्फी, चॉकलेट उपयोगाचे नाही, कारण त्यातली साखर वेळेवर पोहोचत नाही. मुमानींनी वाटी बाजूला सारली आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ८१. मग जेवायला बसवले. साखर ७० च्या खाली गेली की हेच करावे. पंधरा मिनिटांनी वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि बिनसाखरेचे सरबत त्या वेळी पाजले तर काहीच होत नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे. रोजा असतानाही साखर ७० च्या खाली गेली, तर रोजा सोडून लगेच साखर घ्यावी, असेच डॉक्टर सांगतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी कुल्फीच्या दिवसाचा हिशेब आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आटवलेले दूध आणि बदाम दोन्ही आधी विचारूनच. आमची वही मामूंची आहे, सर्वांची नाही.

वहीत मागच्या जुम्म्याची नोंद अशी : जेवणाआधी १२६, दोन तासांनी १६८, तीन तासांनी १६१. त्याखाली मामूंच्या सुबक अक्षरात एक ओळ आहे. 'पिस्ते घातले नव्हते. तक्रार मुमानींकडे दिली आहे.'