संगणकाची चाल आधीं कशी ओळखावी?

बैल घ्यावयाचा झाला तर त्याचे दांत पाहावे, जातें घ्यावयाचें झालें तर दगड वाजवून पाहावा, ही गृहस्थाची जुनी रीत आहे. वस्तु घरांत येण्यापूर्वीं तिच्या अंगचें बळ ताडतां आलें म्हणजे पुढची निम्मी कटकट टळते. परंतु मुलांच्या खेळाकरितां संगणक घ्यावयाची वेळ आली कीं मोठमोठीं शहाणीं माणसें दुकानदाराच्या शब्दावर किंवा पेटीवरील चिठ्ठीवर विसंबतात. या महिन्यांत त्याच विषयाचा थोडा विचार करूं.

निमित्त घडलें तें असें. खेड तालुक्यांतील लोटे येथें एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों. कुटुंब एकत्र, धाकटे काका लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतींतील एका रासायनिक कारखान्यांत उत्पादनाचें काम पाहतात. थोरल्या भावाच्या मुलास लॅपटॉप हवा होता. अभ्यासास तर हवाच, पण खेळासही हवा. त्यानें निवडलेल्या यंत्राची किंमत लाखाच्या वर, आणि घरांत शिल्लक होती ती रक्कम पावसाळ्यापूर्वीं घर शाकारून वांसे बदलण्यासाठीं ठेवलेली. वडील म्हणाले, "एवढे पैसे घालून मिळणार काय?" मुलगा म्हणाला, "दर सेकंदास शंभर फ्रेम पडतील, बाबा." वडिलांनीं शांतपणें विचारलें, "पडतील हें कशावरून?" त्यावर मुलापाशीं उत्तर नव्हतें. प्रश्न मात्र आम्हांस अगदीं रास्त वाटला.

फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारें एक चित्र. बोलपटांत सेकंदास २४ चित्रें सरकतात आणि हालचाल अखंड भासते. परंतु तीं चित्रें आधींच घेतलेलीं असतात. खेळांतील प्रत्येक चित्र खेळणाराच्या बोटाचा हुकूम पाहून त्या क्षणीं नव्यानें काढावें लागतें. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील तर एका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधि मिळतो.

हें काम दोघे मिळून करतात. कोण कोठें उभा आहे, कोणाचा वार कोणास लागला, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो; त्या हिशेबावरून ठिपका ठिपका रंगवून चित्र पुरें करतें तें ग्राफिक्स कार्ड. एक चित्र रंगत असतां प्रोसेसर पुढच्याच्या तयारीस लागलेला असतो. हें ऐकतांच काका म्हणाले, "हें तर आमच्या कारखान्यासारखेंच झालें. रिॲक्टर केवढाही मोठा असो, ड्रायर लहान असला तर दिवसाचा माल ड्रायरच ठरवतो." सगळ्या अदमासाचें मूळ या एका वाक्यांत आहे. दोघांपैकीं जो मंद, त्याची चाल तीच यंत्राची चाल.

समजा, एखाद्या खेळांत प्रोसेसरास एका चित्रामागें ८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तो सेकंदास १२५ चित्रांची तयारी करील. कार्डास १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १००. दोहोंत लहान आंकडा १००, तोच आपला अदमास. आतां पडदा २५६० × १४४० चा घेतला तर ठिपके २० लाख ७४ हजारांवरून ३६ लाख ८६ हजारांवर, म्हणजे १.७८ पट होतात. कार्डाचा वेळ त्याच पटीनें वाढला तर १७.८ मिलिसेकंद, म्हणजे ५६ चित्रें. सगळेंच काम ठिपक्यांबरोबर वाढत नाहीं, म्हणून प्रत्यक्ष आंकडा बहुधा याहून थोडा वर राहतो. उलट पडदा १२८० × ७२० वर आणला तर कार्ड २२५ पर्यंत जाईल. पण प्रोसेसर १२५ वर थांबलेला, म्हणून हातीं येणार १२५च.

हे मूळ आंकडे मिळवावे कोठून? त्रयस्थ परीक्षक कार्डाची परीक्षा बलिष्ठ प्रोसेसराबरोबर घेतात व प्रोसेसराची कमी ठिपक्यांवर. एकाच खेळाचे हे दोन्ही आंकडे शोधावे आणि लहान तो धरावा. खेळ मात्र कोणता तें आधीं ठरलें पाहिजे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ काढला. बहीण आपल्या भावास असुरांच्या हातून सोडवावयास निघते आणि तिची कथा दुर्गा व विष्णु सांगतात. असा खेळ आणि शेकडों माणसांनीं गजबजलेल्या अफाट नगरींतला खेळ यांचा भार सारखा नसतो. खेळांतील सोयी वाढवल्या तरी भार वाढतो: सावल्या व प्रतिबिंबें यांचा मुख्यतः कार्डावर, गर्दीचा प्रोसेसरावर, आणि पृष्ठभागांच्या सुबकतेचा कार्डाच्या स्मृतीवर. ती स्मृति अपुरी पडली कीं चित्रें अडखळूं लागतात.

येथें फसण्याच्याही जागा आहेत. लॅपटॉपांतील आरटीएक्स ४०६० हें कार्ड ३५ वॅटांपासून ११५ वॅटांपर्यंत निरनिराळ्या शक्तीवर बसवलेलें असतें. नांव तेंच, चाल वेगळी. म्हणून वॅट विचारल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर चाल बरीच उतरते, आणि यंत्र तापलें म्हणजे तें स्वतःस जपण्यासाठीं आपण होऊन मंदावतें. कोंकणांतल्या वैशाखांत हें विसरून चालणार नाहीं. जाहिरातींतील मोठ्या आंकड्यांत कधीं कधीं यंत्रानें दोन खऱ्या चित्रांमध्यें अटकळीनें घातलेलीं चित्रेंही मोजलेलीं असतात. त्यांनीं हालचाल मऊ दिसते, पण बोटाच्या हुकमास उत्तर लवकर मिळत नाहीं. शिवाय सरासरीवर भुलूं नये. नदी सरासरीनें ढोपरभर असली तरी डोहांत माणूस बुडतोच. तसा सरासरी साठांचा खेळ ऐन लढाईंत तिशीवर आला तर खेळणाराचा विरस होतो.

मुलानें दोन दिवस बसून कागद तयार केला. काकांनीं एकच अट घातली: "एक आंकडा सांगूं नकोस, कमींत कमी किती आणि जास्तींत जास्त किती, तें लिही." तेव्हां दिसून आलें कीं त्यानें पसंत केलेल्या यंत्राचा पडदा २५६० × १४४० चा असून त्याच्या आवडत्या खेळांत तें ५५ ते ६५ चित्रें देईल. तेंच कार्ड, तितक्याच वॅटांचें, पण १९२० × १०८० चा पडदा असलेलें दुसरें यंत्र बरेंच स्वस्त होतें. त्याचा अदमास ८० ते ९५ निघाला. महाग यंत्रावर ठिपके कमी करून खेळतां येतें, हें खरें. पण मग त्या पडद्याचे पैसे द्यावे कशास?

वडिलांनीं कागद वाचून विचारलें, "म्हणजे शंभर नाहींत?"

"नाहींत, बाबा."

"मग हा कागद खरा दिसतो," असें म्हणून त्यांनीं स्वस्त यंत्रास होकार दिला. उरलेल्या रकमेंत यंदा निदान माजघरावरचे वांसे बदलून झाले.

यंत्र घरीं आल्यावर मुलानें पहिल्या दिवशीं मोजणी केली ती ८४ भरली. पुढें एका दुपारीं तासभर खेळल्यावर ती ७६ वर उतरली, म्हणजे त्याच्या अदमासाच्या खालीं गेली. त्यानें तोही आंकडा तारखेसह त्याच कागदावर लिहून ठेवला आहे. घरांत पुढचें यंत्र घ्यावयाचें होईल तेव्हां हा कागद दुकानांतल्या चिठ्ठीपेक्षां अधिक उपयोगीं पडेल, असें आम्हांस वाटतें.