इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे पहिल्या गिऱ्हाईकाची तयारी



एक प्रश्न मला सारखा येतो. "सर, मेकॅनिकल झालंय, सिम्युलेशनचा कोर्सही केलाय. पुण्यात नोकरी बघू की गावात स्वतःचं काम सुरू करू?"

माझं मत स्पष्ट आहे. आधी इंटरव्ह्यूची तयारी करा. नोकरी करायची नसली तरी करा! कारण इंटरव्ह्यू घेणारा आज जे विचारतो, त्याच गोष्टीसाठी उद्या गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देणार आहे.

आता एक उदाहरण बघा. एका बाजूने भिंतीत पक्का बसवलेला 1 मीटर लांबीचा, 50 बाय 50 मिलिमीटरचा भरीव लोखंडी बार आहे. टोकाला 1000 न्यूटन, म्हणजे साधारण 100 किलो वजन टांगलंय. किती वाकेल? कागदावर सोडवा: 3.2 मिलिमीटर. मुळाशी ताण 48 मेगापास्कल. साधं स्टील 250 च्या आसपास सोसतं, म्हणजे बार सुरक्षित.

आता सॉफ्टवेअरमध्ये युनिट चुकलं आणि स्टीलचा इलास्टिक मॉड्युलस 2,00,000 ऐवजी 200 टाकला, तर उत्तर येतं 3200 मिलिमीटर. एक मीटरचा बार तीन मीटर वाकला! सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, रंगीत चित्र काढून देतं. ज्याने आधी हाताने गणित केलंय, त्यालाच चूक दिसते. इंटरव्ह्यूत नेमकं हेच तपासतात. कुठलं बटण कुठे आहे, हे दोन आठवड्यांत कोणीही शिकतं.

दुसरा आवडता प्रश्न: साध्या स्टीलऐवजी जास्त ताकदीचं महाग स्टील वापरलं, तर भाग कमी वाकेल का? बरेच जण "हो" म्हणतात. उत्तर आहे "नाही". दोन्हींचा इलास्टिक मॉड्युलस जवळपास सारखाच. महाग स्टील कायमचं वाकायला किंवा तुटायला जास्त भार लागेल, पण त्याच वजनाखाली लवचिक वाकणं तेवढंच राहील. ते कमी करायचं तर सेक्शनची उंची वाढवा.

आता हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात आणा. उसाच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारं बनवणारी वर्कशॉप्स इथे गावोगाव आहेत. चेसी लवते म्हणून एखादा मालक महाग स्टील घ्यायला निघाला, आणि तुम्ही त्याला थांबवून सांगितलंत, "शेठ, तेच स्टील राहू द्या, चॅनलची उंची वाढवा," तर त्याचे पैसे वाचले आणि तुमचं दुकान उभं राहिलं. चुकीचा सल्ला दिलात, तर माल त्याचा आणि नाव तुमचं, दोन्ही गेलं.

नगरला डीआरडीओची वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे. नागापूर आणि सुप्याला एमआयडीसी आहे. लोणी, संगमनेर, कोपरगावला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. म्हणजे काम आणि माणसं दोन्ही इथेच आहेत. कमी आहे ती विश्वासाची.

म्हणून माझा सल्ला: दोन-तीन वर्षं नोकरी करा, चुका वरिष्ठांच्या नजरेखाली करा, मग स्वतःचं काम काढा. सरावाला फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्स मोफत आहेत. विद्यार्थी आवृत्तीवर किंवा चोरीच्या सॉफ्टवेअरवर गिऱ्हाईकाचं काम मात्र घेऊ नका. धंद्याची सुरुवातच खोटी नको.

आणि जाताना एक प्रोजेक्ट सोबत न्या. पण त्यात फक्त चित्रं नकोत. काय गृहीत धरलं, हाताचं गणित काय आलं, मेश बारीक केल्यावर उत्तर किती बदललं, हे एका पानावर लिहा. "माहीत नाही, पण असं शोधेन" हे वाक्य बोलायला लाजू नका. ठोकून दिलेलं उत्तर समोरचा लगेच ओळखतो.

आज रात्री तो बार कागदावर सोडवा. 3.2 आलं की कमेंटमध्ये सांगा. नाही आलं तर कुठे अडलं, ते सांगा. चला, कामाला लागा!