सीमेवरच्या ठरावांना उत्तर कोण देणार?

2018 च्या मध्यावर नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यातल्या चाळीसेक गावांनी आम्हाला तेलंगणात जाऊ द्या, अशी मागणी केली. बिलोली, देगलूर, किनवट या शेजारच्या तालुक्यांतूनही तोच सूर उमटला. डिसेंबर 2022 मध्ये जत तालुक्यातल्या गावांवरून महाराष्ट्र-कर्नाटक वाद पेटला, तेव्हा नांदेडच्या सीमाभागाने ही मागणी पुन्हा पुढे केली. प्रत्येक वेळी मुंबईत चर्चा झाली ती अस्मितेची आणि निष्ठेची. माझ्या मते या मागणीकडे लोकशाहीच्या प्रकृतीचं लक्षण म्हणून पाहायला हवं. बिलोली परिसरातल्या लोकांना सार्वजनिक कामात रस नाही, असं म्हणायला काहीच आधार नाही. त्यांचं म्हणणं ऐकून घेऊन उत्तर द्यायला बांधील असलेल्या जवळच्या संस्था मात्र एकेक करून थंडावल्या आहेत.

इथली सीमा तशी अलीकडची आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, तसंच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं नांदेड जिल्ह्यातून आंध्रात गेली. भाषेच्या हिशेबाने रेघ ओढली गेली, पण सोयरिकी, बाजार, शेतीवाडी दोन्हीकडे पसरलेलीच राहिली. बिलोलीच्या माणसाला मांजरा नदीपलीकडचं, तेलंगणातलं बोधन परकं नाही. मराठी, तेलुगू, दखनी आणि थोडी कन्नड अशा बोली या टापूत एकमेकींच्या शेजारी नांदतात, त्यामुळे दोन्हीकडच्या सरकारी सोयींची तुलनाही रोजचीच. 1 जानेवारी 2018 पासून तेलंगणाने शेतीपंपांना चोवीस तास मोफत वीज दिली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात रयतू बंधू योजनेतून एकरी हंगामाला चार हजार रुपये द्यायला सुरुवात केली. पलीकडच्या सोयऱ्याला काय मिळतं हे इथल्या शेतकऱ्याने पाहिलं आणि पुढच्या काही आठवड्यांत मागणी उभी राहिली. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 मध्ये मांडलं होतं की, एखाद्या संस्थेचा कारभार ढासळला की माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवणं किंवा सोडून जाणं, आणि निघून जाण्याची शक्यता हातात असली की आवाजाला धार येते. बिलोली-धर्माबादच्या गावांनी नेमकं हेच केलं. जायचा इशारा देऊन त्यांनी राहायच्याच अटी मांडल्या.

हे लोक लोकशाहीला विटलेले नाहीत, याचा पुरावा मतपेटीतून मिळतो. 20 नोव्हेंबर 2024 ला नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेची निवडणूक एकाच दिवशी झाली. लोकसभेला काँग्रेसचा उमेदवार 1,457 मतांनी निवडून आला, तर त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीला मिळाल्या. बिलोली ज्यात येते ती देगलूरची जागाही त्यांत होती. एकाच केंद्रावर, एकाच दिवशी दोन वेगळे कौल देणारा मतदार भाबडा किंवा उदासीन असूच शकत नाही. पण मतदान पाच वर्षांतून एकदा येतं. मधल्या काळात गावचा रस्ता, शाळाखोली, नळयोजना यांसाठी दार ठोठावायचं ते पंचायत समितीचं आणि जिल्हा परिषदेचं. नांदेड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मुदत संपण्याआधीच निवडणूक पूर्ण व्हावी, असं राज्यघटनेचं कलम 243-ई सांगतं. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तरी ते वर्ष संपेपर्यंत नांदेड जिल्हा परिषदेसाठी मतदान झालं नव्हतं. मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलण्यासाठी 1994 मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदतही 30 एप्रिल 2020 ला संपली. विनाअट महाराष्ट्रात आलेल्या प्रदेशाला घटनेच्या कलम 371 ने दिलेलं ते आश्वासन होतं. ते असं निसटू द्यायला नको होतं.

प्रशासक बरा, राजकारण तरी होत नाही, असं पुष्कळ सुशिक्षित माणसं म्हणतात. प्रशासक कामसू असू शकतो, हे मान्य. पण कुठलं काम आधी घ्यायचं, हा प्रश्न कार्यक्षमतेने सुटत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायतींचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. सरपंचपद स्त्रीकडे राखीव झालेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला, कारण तिथल्या बायकांची मागणी तीच होती. खुर्चीवर कोण बसतं आणि ती व्यक्ती कोणाला बांधील आहे, यावर खर्चाची दिशा ठरते. बदली होणाऱ्या अधिकाऱ्याला गावाकडे मत मागायला जायचं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ग्रामसभेलाच लोक येत नाहीत, मग वरच्या संस्थांना कशाला दोष द्यायचा? महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी ती. तरी कित्येक सभा तहकूब होतात, हे खरं आहे. पण मागच्या ठरावाचं काय झालं, हे ज्या सभेत कधी कळत नाही, तिथे रोजगार बुडवून चौथ्यांदा कोण जाईल? हीच माणसं मोर्चाला जातात, सीमेचा प्रश्न निघाला की बैठकीला जमतात, कारण त्या बैठकीची दखल घेतली जाईल असा त्यांचा अनुभव आहे. साध्या अर्जाला उत्तर नाही आणि राज्य सोडण्याच्या इशाऱ्याला मंत्र्यांची धावपळ, हा धडा सरकारनेच त्यांना शिकवला. ही मागणी काही पुढाऱ्यांनी पेटवली, तिच्यात शेजारच्या राज्याच्या राजकारणानेही फुंकर घातली, असंही म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये भारत राष्ट्र समितीने तेलंगणाबाहेरची सभा नांदेडला घेतली ती उगाच नव्हे. तरी गावात आधीपासून नाराजी नसती, तर बाहेरच्या पक्षाला इथे मंडप टाकावासा वाटला नसता.

कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता करता येण्यासारखं एक काम आहे. आमदाराच्या अध्यक्षतेखाली पंचायत समितीची वार्षिक आमसभा घेण्याची पद्धत राज्यात जुनी आहे. सगळे खातेप्रमुख समोर बसतात आणि कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो. बिलोली, धर्माबाद, देगलूर या तालुक्यांत ती दरवर्षी ठरल्या तारखेला व्हावी. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचे ठराव तिथे वाचले जावेत आणि कोणता ठराव मंजूर, कोणता फेटाळला, का फेटाळला, हे संबंधित खात्याने तीस दिवसांत त्या गावाला लेखी कळवावं. नकार आला तरी चालेल, कारण नकाराविरुद्ध अपील करता येतं. यासाठी नवा कायदा लागत नाही, आमदाराने तारीख जाहीर करायची आणि गटविकास अधिकाऱ्याने नोटीस काढायची, एवढंच लागतं.